सातासमुद्रापारची शेतशाळा

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता मुले परदेशी जातात. सुटीत परतली की तिथल्या रुंद रस्त्यांचे, वक्तशीर गाड्यांचे कौतुक ऐकवतात. ऐकावे, त्यात वावगे काही नाही. परंतु कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या या मुलखाने त्यांना आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावर तुम्ही कधी उभे राहिलात काय?

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे क्रांतीच्या ध्यासाने अमेरिकेस गेले, गदर चळवळीत उतरले आणि तेथेच कृषिशास्त्रही शिकले. इंग्रजी राज्यात मायदेशाचे दार बंद झाले, तेव्हा मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर संशोधन केले. पण ते चार भिंतींत न ठेवता गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. हा मान काही भाषणांनी मिळालेला नव्हता!

स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे देहावसान झाले. घाटंजीहून नागपूर फार दूर नाही, तरी आपल्या शाळांतून हे नाव क्वचितच कानी पडते. येत्या सुटीत परदेशातून आलेल्या तरुणाला गावच्या शाळेत बोलवावे आणि रस्त्यांविषयी नव्हे, तिथल्या बियाण्याविषयी, पाण्याविषयी, बाजाराविषयी बोलते करावे.