हायब्रीडची सरकी आणि आमचा भुऱ्या

गेले दोन शनिवार-रविवार ऑफिसातच गेले. रिलीज होती, त्यामुळे लिहायचं राहिलं. या आठवड्यात जरा फुरसत मिळाली आणि विषयही आपणहून समोर आला.

झालं असं, की आमच्या टीममधल्या एकाने बेंगॉल जातीचं मांजर आणलं. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, डोळे हिरवेगार. जेवताना त्याचा मोबाईल टेबलभर फिरला. "अरे, यात जंगलाचं रक्त आहे!" हे वाक्य तो निदान तीनदा म्हणाला. किंमत ऐकून माझा घास घशात अडकला. ज्युनियरचा महिन्याचा पगार!

मी काही बोललो नाही. कारण जंगलाचं रक्त असलेलं एक मांजर आमच्या घरी फुकटात जन्मलं होतं. आणि पुढे आम्ही त्याचं जे केलं ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

माझं गाव गोंडपिपरीजवळ. वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटायच्या आधी जवळजवळ येतात, त्या कोपऱ्यातला हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. इकडे धान, कापूस आणि मधेमधे जंगल. २०२१ साली झालेलं कन्हारगाव अभयारण्य आमच्याच बाजूला आहे. आमच्या वावराला लागून एक बोडी आहे. संध्याकाळी तिच्या पाळीवर रानमांजर दिसणं ही आमच्याकडे बातमी नव्हे. उंच पाय, आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाला काळी वलयं, कानावर काळ्या केसांचा बारीक झुपका. वाघासारखं कुणी त्याला घाबरत नाही आणि मांजरासारखं कुणी त्याला हाकही मारत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीला घरी गेलो तर गोठ्यात मनीला तीन पिल्लं झालेली. दोन तिच्यासारखी. तिसरं भुरकं, लांब पायांचं आणि डोळे उघडल्यापासून फिसकारणारं. बाबांनी त्याला उचलून उलटंपालटं पाहिलं आणि म्हणाले, "हे पोट्टं आपल्या बोक्याचं नोहे. रानबोक्याचं हाय."

मी शहाणपणा केला. म्हटलं, "म्हणजे हायब्रीड!" बाबा हसले. कापूसवाल्याला हायब्रीड हा शब्द इंजिनिअरने शिकवायचा नसतो. कपाशीचं एच-४ हे जगातलं पहिलं व्यापारी हायब्रीड १९७० साली सुरतेला निघालं, तेव्हापासून हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे. बाबा म्हणाले, "हायब्रीडची सरकी घरी ठेवून लावली तं काय होते? एक झाड कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं. कोणतं कसं निघन सांगता येत नाही. तसंच हाय हे."

पुढे मी जेवढं वाचलं, त्याचं सार बाबांच्या या दोन वाक्यांत आधीच आलेलं होतं. बेंगॉलची सुरुवात अमेरिकेत जीन मिल या बाईंनी १९६३ साली केली. लेपर्ड कॅट हे आशियातलं ठिपक्यांचं छोटं रानमांजर आणि घरचं मांजर यांचा त्यांनी संकर केला. सव्हाना म्हणजे आफ्रिकेतलं सर्व्हल आणि घरचं मांजर. त्याचं पहिलं पिल्लू १९८६ सालचं. आणि आपल्या बोडीवरच्या रानमांजरापासून केलेल्या जातीला चाउसी म्हणतात, त्याच्या फेलिस चाउस या शास्त्रीय नावावरून. संकराच्या पहिल्या पिढीला एफ-१, मग एफ-२, एफ-३. अगदी बियाण्याच्या पाकिटावर असतं तसं. बेंगॉल आणि सव्हानाच्या पहिल्या काही पिढ्यांतले बोके बहुधा वांझ निघतात. तीन-चार पिढ्या घरच्या मांजराशी संकर केल्यावर कुठे स्वभाव माणसात बसतो. म्हणजे दुकानात मिळणारं बेंगॉल ही बरीच पातळ केलेली ताडी आहे. आमच्याकडे होती ती पहाटेची, थेट झाडावरची :)

त्याचं नाव भुऱ्या. पहिलं वर्ष मजेत गेलं. धानाच्या पोत्यांमागे उंदीर म्हणून उरला नाही. २००४ साली सरिस्कामध्ये झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खातं असा अंदाज निघाला होता. भुऱ्याचा हिशोब त्याहून कमी नसावा. दूध त्याने कधी प्यायलं नाही. मांडीवर कधी बसला नाही. आजीच्या हातचं मासळीचं डोकं तेवढं घ्यायचा, तेही ती हात मागे घेईपर्यंत थांबून. दिवसभर कौलांवर, रात्रभर वावरात. मी सुट्टीत गेलो की लांबून बघायचा. ओळख असायची, लाड नसायचे. मला त्याचा केवढा अभिमान! हॉस्टेलवर फोटो दाखवत फिरायचो. "जंगलाचं रक्त आहे" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, तीनपेक्षा जास्त वेळा.

दुसऱ्या वर्षी तो वयात आला. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात, आजीच्या गोधडीवर, माझ्या पुस्तकांच्या खोक्यावर मुतून ठेवायचा. तो वास एकदा लागला की जात नाही. मग कोंबड्या. आधी आमच्या दोन, मग शेजारच्या काकांच्या एकामागून एक. बाबा गुपचूप पैसे देऊन यायचे. आणि मग एक दिवस ताईचा चार वर्षांचा मुलगा, भुऱ्या खात असताना, मागून त्याची शेपटी ओढायला गेला.

मनीने फार तर ओरखडा काढला असता. भुऱ्याने हात धरला तो सोडेचना. त्यानंतरची धावपळ, रेबीजची इंजेक्शनं, तारखा पाठ करणं, ताईचं रडणं... पोराला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या रात्री घरात जेवण झालं नाही.

चूक कुणाची? पोराची नाही, ते चार वर्षांचं. भुऱ्याची तर नाहीच. खाताना मागून आलेल्याला चावायचं, हे त्याच्या बापाकडून आलेलं. चूक आमची, आणि त्यातही जास्त माझी. भुऱ्या घरात असावा ही हौस माझी होती आणि मी राहत होतो नागपूरला. निस्तरत होते आई-बाबा.

शेवटी गावात जे करतात तेच केलं. रविवारी पहाटे मी आणि बाबांनी त्याला पोत्यात घातलं. मोटरसायकलवर मी पोतं धरून बसलो. वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडच्या जंगलात तोंड सोडलं. तो बाहेर आला, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि झुडपात गेला. बाबा म्हणाले, "चला, आपल्या घरी गेला." मलाही तेव्हा तसंच वाटलं. खरं म्हणजे वाटून घेतलं.

आज मला वाटतं, आम्ही केलेली सगळ्यात मोठी चूक ती होती. ते त्याचं घर नव्हतं. त्याचं घर आमचं कौल आणि आमची बोडी. पलीकडच्या जंगलात कुठल्यातरी रानबोक्याची हद्द असणार, तिथे हा परका. आणि तो जगला असेल तर आणखी वाईट. घरच्या मांजरांचे रोग आणि घरच्या मांजराचं रक्त आम्ही आमच्या हाताने नेऊन जंगलात सोडलं.

हे शेवटचं वाक्य कुणाला अति वाटेल. त्यांनी स्कॉटलंडकडे बघावं. तिथल्या रानमांजरांचा घरच्या मांजरांशी इतका संकर झाला, की २०१९ साली तज्ज्ञांनी सांगितलं, जंगलात उरलेली संख्या आता स्वतःच्या बळावर टिकणार नाही. शेवटी बंदिस्त जागेत वाढवलेली रानमांजरं २०२३ पासून केर्नगॉर्म्सच्या डोंगरात सोडायला सुरुवात झाली. गोळी घालून प्राणी संपतो हे आपल्याला माहीत असतं. सोयरीक करूनही संपतो, हे लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियाने २००८ साली सव्हाना मांजरांच्या आयातीवर बंदी घातली तीही आपले रानातले छोटे प्राणी वाचवण्यासाठीच.

आमच्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आमट्यांकडे बिबटे हायेत, अस्वलं हायेत. मंग आपल्याकडं एक मांजर कायले नाही?" हेमलकसा आमच्यापासून आष्टी, आल्लापल्लीच्या वाटेने पुढे, त्यामुळे हा दाखला घरचाच. पण नीट बघा. डॉ. प्रकाश आमट्यांकडे पहिलं आलं ते शिकारीत आई गेलेलं माकडाचं पिल्लू. तिथले प्राणी हौस म्हणून आणलेले नाहीत, त्यांना परत जायला जागा उरली नव्हती. आणि त्यासाठी माणसांनी आपलं आख्खं आयुष्य तिथे घातलं. आपण दोन फोटो काढतो आणि सोमवारी ऑफिसला निघतो. तुलना कशाची कशाशी!

मग करायचं काय? माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. जंगलाचं रक्त विकत घ्यायचं नाही. कापणीत रानमांजराची पिल्लं सापडली तर घरी आणायची नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहेच, आणि असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. पण कायदा राहू द्या, पिल्लांची आई बहुतेक वेळा जवळच असते. जुन्नरकडे उसाच्या फडात अशी पिल्लं सापडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक संध्याकाळी ती त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. एवढी सोपी गोष्ट आहे. आणि भुऱ्यासारखं घरातच जन्मलं, तर वेळेवर नसबंदी, लसी आणि लेकराबाळांपासून लांब, वावरातला गोठा. पोतं नाही.

भुऱ्या खरंच रानबोक्याचा होता का? डीएनए तपासल्याशिवाय शपथेवर सांगता येणार नाही. कानाचे झुपके आणि शेपटीची वलयं घरच्या मांजरातही कधीकधी निघतात. कदाचित तो नुसताच तापट बोका असेल. तसं असेल तर आमची चूक कमी होत नाही, वाढतेच.

सोमवारी मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, माझं तर पाचव्या पिढीचं आहे, एकदम गरीब आहे. खरं असेल. मी एवढंच म्हटलं, की उद्या त्याने सोफ्यावर मुतलं तर त्याला पोत्यात घालू नकोस.

असो. या दिवाळीत मनीच्या नातीला टोपलीत घालून आई आणि मी एसटीने चंद्रपूरला नेलं, नसबंदीला. टोपलीवर लुगड्याचा तुकडा बांधलेला, आतून सारखं म्यांव. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्याच्यात, माय?" आई म्हणाली, "मांजर हाय बापा. दवाखान्यात नेऊन राहिलो." सगळी एसटी हसली. आई नाही हसली. तिने टोपली मांडीवर घेतली आणि चंद्रपूर येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसली.