आकड्यापुढचे प्रश्नचिन्ह

बुद्धिबळाचा पट पूर्वी ओसरीवर मांडला जाई, देवळाच्या पारावर मांडला जाई. खेळणारे दोघे समोरासमोर बसत आणि कोण किती पाण्यात आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आता हाच पट संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर उमटतो आणि हजारो कोसांवरचा अनोळखी प्रतिस्पर्धी क्षणात समोर येतो. त्याचे बळ ओळखावे कसे? त्यासाठी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. त्याला गुणांकन म्हणतात. मुलांच्या तोंडी त्याचे नाव ‘रेटिंग’ असे आहे. डाव जिंकला की हा आकडा चढतो, हरला की उतरतो.

हा आकडा मुलांना फार प्रिय असतो, आणि म्हणूनच एका प्रसंगी तो त्यांना फार दुःख देतो. परीक्षा येते, आजारपण येते, घरात एखादी अडचण उद्भवते आणि वर्ष-दीड वर्ष खेळात खंड पडतो. पुढे सुटीत मूल पुन्हा पटाशी बसते. ‘लिचेस’ या संकेतस्थळावर खेळणारे असेल, तर त्याला आपल्या जुन्या आकड्यापुढे एक प्रश्नचिन्ह उभे दिसते. मग दोन-तीन डाव हरताच तो आकडा धाडकन खाली येतो. महिनोन्‌महिने खपून मिळवलेले गुण एका दुपारी जातात. कोणी रुसून पट मिटतो, कोणी जुने नाव टाकून नव्या नावाने खेळू लागतो, तर कोणी आकडा टिकावा म्हणून खेळणेच सोडतो. माझ्या मते हे तिघेही त्या प्रश्नचिन्हाचा चुकीचा अर्थ लावतात. ते चिन्ह म्हणजे अपमान नव्हे. या सबंध हिशेबात त्याच्याइतके न्यायी दुसरे काही नाही.

हे पटण्यासाठी आकडा कोठून येतो, ते पाहिले पाहिजे. आर्पाड एलो हे मूळचे हंगेरीत जन्मलेले, पण अमेरिकेत वाढलेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी गुणांकनाची जी पद्धत बसवली, ती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली आणि जागतिक महासंघाने १९७० साली स्वीकारली. खेळाडूचे कौशल्य तराजूत घालून तोलता येत नाही. त्याने कोणाशी खेळून काय मिळवले, एवढेच पाहता येते. दोघांच्या गुणांकनांत २०० चा फरक असेल, तर १०० डावांत वरच्या खेळाडूला सुमारे ७६ गुण मिळावेत, असा एलो यांचा हिशेब सांगतो. म्हणजे गुणांकन हे वजन नव्हे, ती तुलना आहे. एकट्याचे वजन करता येते. एकट्याची तुलना करता येत नाही.

या पद्धतीत एक उणीव होती. कालच खेळलेल्याचा आकडा आणि दहा वर्षांपूर्वी खेळलेल्याचा आकडा दोन्ही सारखेच दिसत. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ साली ‘ग्लिको’ नावाची पद्धत मांडून ही उणीव दूर केली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. एक गुणांकनाचा आणि दुसरा त्याविषयीच्या अनिश्चिततेचा. समजा, एका मुलीचे गुणांकन १६०० आहे आणि अनिश्चितता ५० आहे. याचा अर्थ असा, की तिचे खरे बळ बहुधा १५०० ते १७०० च्या दरम्यान असावे. ती खेळायची थांबली, की हा दुसरा आकडा हळूहळू वाढू लागतो. तो ११० झाला, तर तिचे बळ १३८० ते १८२० च्या दरम्यान कोठेही असू शकेल. ‘लिचेस’वर अनिश्चितता ११० च्या वर गेली, की गुणांकनापुढे प्रश्नचिन्ह येते.

आता बारकाईने पाहा. मधला १६०० हा आकडा जागचा हललेला नाही. मुलीचा एकही गुण कोणी कापून घेतलेला नाही. हिशेब एवढेच म्हणतो, ‘बाई गं, तू फार दिवसांत भेटली नाहीस. तू पूर्वीसारखीच आहेस, की अधिक चांगली झालीस, की थोडी मागे पडलीस, हे मला सांगता येणार नाही. तू खेळ, म्हणजे मला कळेल.’ म्हणून परतल्यावरच्या पहिल्या डावांना जास्त महत्त्व मिळते. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी हरल्यावर पूर्वी सात-आठ गुण जात असतील, तर आता सुमारे तीस जातात. पण जिंकल्यावरही तसेच तीसच्या आसपास मिळतात, हे मुले विसरतात. उतार जितका भराभर, तितकाच चढही भराभर. चार-सहा दिवस नेटाने खेळले, की अनिश्चितता घटते आणि आकडा पुन्हा स्थिरावतो.

कोणी म्हणेल, ‘गुण मी कष्टाने मिळवले होते. मग ते माझेच राहावयास नकोत काय?’ या प्रश्नात तथ्य आहे, आणि बुद्धिबळाच्या जगाने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ‘ग्रँडमास्टर’ हा किताब एकदा मिळाला, की तो आजन्म राहतो. पुढे कितीही डाव हरले, तरी तो पराभवामुळे परत घेतला जात नाही. किताब हा काल केलेल्या पराक्रमाचा सन्मान आहे. गुणांकन मात्र आजच्या बळाचा अंदाज आहे. सन्मान टिकावा, अंदाज बदलावा, हेच योग्य. अंदाजालाच सन्मान मानले, की दुःख वाट्याला येते.

याच्या उलट, ‘जो खेळत नाही, त्याचे गुण दर महिन्याला कापावेत,’ असेही कोणी सुचवील. मला ते मान्य नाही. आजारी पडलेल्या किंवा अभ्यासाला बसलेल्या मुलाने कोणता अपराध केला, की त्याला दंड व्हावा? शिवाय, न खेळणारा दुबळाच झाला, हे कशावरून? कदाचित त्याने त्या काळात जुन्या खेळाडूंचे डाव वाचले असतील. जेथे माहिती नाही, तेथे शिक्षा करू नये. शंका ठेवावी आणि संधी द्यावी.

थोरामोठ्यांनाही खंड चुकलेला नाही. गॅरी कास्पारोव्ह २००५ साली व्यावसायिक खेळातून निवृत्त झाले, तेव्हा ते जगात पहिल्या क्रमांकावर होते. बारा वर्षांनी, २०१७ साली, अमेरिकेतील सेंट लुईस येथील जलद आणि अतिजलद डावांच्या स्पर्धेत ते पुन्हा पटावर बसले. घड्याळ त्यांना छळू लागले. जिंकत आलेला डावही हातून निसटला. दहा खेळाडूंत ते खालच्या अर्ध्यात राहिले. पण अखेरच्या दिवशी त्यांचा खेळ पुन्हा खुलला. जगज्जेतेपद भूषवलेल्या या गृहस्थांना सर्वांसमक्ष हरण्याची लाज वाटली नाही. मग आपल्याला ती का वाटावी?

दुसरे उदाहरण बॉबी फिशर यांचे. १९७२ साली आइसलंडमधील रेक्याविक येथे बोरिस स्पास्की यांना हरवून ते जगज्जेते झाले. त्या वर्षी त्यांचे गुणांकन २७८५ पर्यंत चढले होते, आणि तो उच्चांक पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ कोणाला ओलांडता आला नाही. परंतु जगज्जेतेपदानंतर १९९२ पर्यंत फिशर स्पर्धेचा एकही डाव खेळले नाहीत. त्यांची कारणे काहीही असोत. आकडा उंच राहिला खरा, पण त्या वीस वर्षांत न खेळले गेलेले डाव जगाला कधीच मिळाले नाहीत. जपून ठेवलेल्या आकड्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून खंडानंतर पटाशी बसणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे, की नाव बदलू नका, पट मिटू नका. माळ्यावर ठेवलेली पितळेची घागर काळवंडते. पण चिंच लावून घासली, की तीच घागर पुन्हा लखलखते. तिचे पितळ कोठे गेलेले नसते. हरलेला डाव पुन्हा मांडून पाहा, चूक कोठे झाली ते शोधा आणि दुसरा डाव सुरू करा. आकड्याने आपल्या मागून यावे. आपण त्याच्या मागून धावू नये.

या प्रश्नचिन्हाचा उपयोग पटाबाहेरही आहे. वर्गातला एखादा सोबती दीर्घ आजारानंतर शाळेत परत येतो. पहिल्या चाचणीत त्याला गणिते सुटत नाहीत आणि आपण लगेच म्हणतो, ‘हा आता मागे पडला.’ हा निकाल कोणी मागितला होता? अशा वेळी त्याच्या नावापुढे पूर्णविराम न देता, मनातल्या मनात एक प्रश्नचिन्ह ठेवावे आणि त्याला वही उसनी द्यावी. यंत्राला जी सबुरी शिकवता आली, ती माणसाला अवघड वाटू नये.