अक्षरांआधी बोटे

पारोळ्यासारख्या पेठेच्या गावात, जिथे पुढे दुकान आणि मागे घर असते, तिथे सायंकाळी एक दृश्य वारंवार दिसते. साडेतीन वर्षांचा नातू वहीपुढे बसलेला असतो. आईने त्याच्या मुठीवर आपली मूठ धरलेली असते आणि पेन्सिलीचे टोक मोडत असते. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी पहिल्या पानावरील एक तरी ‘श्री’ नातवाच्या हातून उमटावा, अशी आजोबांची इच्छा असते. इच्छा उत्तम आहे. पण घाईमुळे मूल रडवेले होते, आणि रडत गिरवलेल्या अक्षराबरोबर लेखनाचा कंटाळाही मनात घर करतो.

मुलाचा हा हट्ट नसतो. त्याचा हातच अजून घडत असतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चारूप असतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू टणक होत जातात. मूल प्रथम खडू मुठीत धरते, पुढे बोटांनी धरू लागते. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांची लेखनाला योग्य पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान स्थिरावते. रेषांनाही क्रम असतो. दोन वर्षांच्या सुमारास उभी रेघ, मग आडवी, तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, आणि तिरप्या रेषांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास जमतो. देवनागरी याच अवयवांनी बनली आहे. काना म्हणजे उभी रेघ, शिरोरेघ आडवी, ‘ट’मध्ये अर्धगोल, ‘ठ’मध्ये पूर्ण गोल, ‘व’ आला की ‘ब’ आणि ‘क’ जवळ येतात. आधी रेघ आणि गोल हातात बसले, की अक्षर सोपे जाते.

त्यासाठी महागडी खेळणी आणण्याचे कारण नाही. व्यापारी घरात साधनांची उणीव नसते. ताटात तूर, हरभरा आणि मूग एकत्र करून चिमटीने वेगळे करावयास द्यावेत. भुईमुगाच्या शेंगा फोडू द्याव्यात, कापसाच्या वाती वळू द्याव्यात, कणकेच्या गोळ्याचे साप आणि लाडू करू द्यावेत. दुकानातील सुतळीच्या तुकड्यात मोठे मणी ओवणे, रिकाम्या डब्यांची झाकणे उघडणे-लावणे, सदऱ्याची बटणे स्वतः लावणे, हेही लेखनाचेच धडे आहेत. परातीत रवा पसरून त्यात बोटाने रेघा ओढाव्यात. चुकले तर परात हलवली की पाटी कोरी होते. अंगणातील फरशीवर ओल्या फडक्याने मोठमोठे गोल काढले, की खांद्याला आणि कोपराला बळ येते. दाणे नाकाकानात किंवा तोंडात जाण्याचा धोका असल्याने अशा खेळाच्या वेळी मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने हीच तेथील शिक्षणाची साधने झाली. जे पाड्यावर साधले, ते पेठेतील घरात सहज साधेल.

एक गोष्ट विशेष जपावी. काही मुले डाव्या हाताने खडू धरतात आणि देवघेव उजव्याच हाताने करणाऱ्या घरात ते खटकते. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी आणि सुंदरीला डाव्या हाताने गणित शिकविले, असे परंपरा सांगते. मुलाचा नैसर्गिक हात कोणताही असो, तो बदलण्याची सक्ती करू नये.

आदिपुराणात लिपिसंख्यानाचा संस्कार पाचव्या वर्षी सांगितला आहे. पूर्वजांनाही घाई नव्हती. तोवर दिवसातून पंधरा-वीस मिनिटे खेळ पुरे, आणि मूल कंटाळले की थांबावे. चार वर्षे पूर्ण होऊनही चमचा धरणे जमत नसेल, किंवा हाताने करावयाच्या प्रत्येक कामाला मूल टाळत असेल, तर रागावण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आजोबांसाठीही एक काम आहे. गादीवर बसताना नातवाला शेजारी घ्यावे, त्याला पुडीची सुतळी गुंडाळू द्यावी आणि एक जुनी वही रेघोट्यांसाठी त्याच्या नावाने काढून ठेवावी. यंदाच्या वहीपूजनात त्याने कुंकवाचे बोट टेकवले तरी पुरे. ‘श्री’ पुढच्या एखाद्या दिवाळीला येईल, आणि तो मुलाने आपणहून काढलेला असेल.