नगराचे नाद

नको असलेले दृश्य समोर आले, तर मनुष्य डोळे मिटून घेऊ शकतो. परंतु कानांना निसर्गाने पापण्या दिलेल्या नाहीत. म्हणूनच खेड्यातून मुंबईसारख्या महानगरात प्रथमच आलेल्या माणसाला तेथील उंच इमारतींपेक्षाही तेथील कोलाहल अधिक अस्वस्थ करतो. लोकलगाड्यांचा खडखडाट, मोटारींचे कर्णे आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या यांनी त्याची झोप उडते. काही महिन्यांनी मात्र तोच मनुष्य रुळांलगतच्या चाळीत गाढ झोपी जातो आणि सुटीत गावी गेला, की तेथील शांतताच त्याला चमत्कारिक वाटते! आवाज तेच असतात. बदलते ते ऐकणारे मन.

आवाज कर्कश असला म्हणजे तो अप्रियच असतो, असेही नाही. १८५६ साली ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग या भागांत गिरण्यांची दाटी झाली. पाळीची वेळ होताच गिरणीचा भोंगा वाजे. त्याला ना सूर, ना ताल. तरीही गिरणगावातील घरोघरचा दिनक्रम त्याच्यावर चाले. चुली पेटत, डबे भरले जात, कामगार चाळीचे जिने उतरू लागत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा दीर्घ संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि भोंगे मुके झाले. ती शांतता गिरणगावाला गोड वाटली नाही. कारण भोंग्याबरोबर हातचे कामही गेले होते. त्या कर्कश नादात भाकरीची हमी होती.

२०२० च्या मार्च महिन्यात साथीच्या रोगामुळे लोकलगाड्या थांबल्या आणि रस्ते ओस पडले. भर शहरात पाखरांचे कूजन स्पष्ट ऐकू येऊ लागले. प्रारंभी त्याचे कौतुक झाले; परंतु त्या नीरवतेत मधूनच रुग्णवाहिकेचा आवाज घुमे आणि ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होई. तात्पर्य, नगराने मुके व्हावे, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. नगराचा नाद हा त्याच्या श्रमाचा नाद होय.

मग तक्रार असते ती कशाची? ज्यामागे श्रम नाही, गरज नाही आणि दुसऱ्याचा विचारही नाही, अशा आवाजाची. पुढे लाल दिवा असताना वाजवलेल्या कर्ण्याने रस्ता मोकळा होत नाही. उत्सवात थोडा गोंगाट व्हायचाच, असे काहीजण म्हणतात. उत्सव हवाच, परंतु ध्वनिवर्धकाचा आवाज कमी केल्याने त्यातील आनंद कमी होत नाही. मांडवातील लोकांनी तो आवाज आपण होऊन निवडलेला असतो; भिंतीपलीकडचा रुग्ण, तान्हे मूल किंवा अभ्यासाला बसलेला विद्यार्थी यांनी तो निवडलेला नसतो. अंध पादचाऱ्याला तर कानांनीच रस्ता ओळखावा लागतो. अनाठायी गोंगाट त्याची वाटच हिरावून घेतो. म्हणून आवाज किती असावा, हे करणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ऐकणाऱ्याचाही त्यात अधिकार आहे.

हा अधिकार कायद्यानेही मानला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी ठरविली आहे. हा फरक दिसायला लहान आहे. परंतु १० डेसिबल कमी होणे म्हणजे ध्वनीची तीव्रता एकदशांशावर येणे होय.

तथापि, प्रत्येक दारापाशी शिपाई उभा करता येत नाही. कर्ण्यावर हात ठेवण्यापूर्वी किंवा ध्वनिवर्धकाची कळ फिरविण्यापूर्वी पलीकडे कोणी ऐकत आहे, याचे स्मरण होणे, हीच नागरिकत्वाची खरी खूण. ज्या नगरात कामाचा नाद मोकळेपणाने घुमतो आणि थकल्याभागल्यांची झोपही मोडत नाही, ते नगर सुसंस्कृत होय.