न दिसणें म्हणजे नसणें नव्हे

वस्तु बिघडली असें म्हणणें सोपें असतें. ती कोठें बिघडली हें सांगणें कठीण असतें. पहिलें वाक्य कोणीहि उच्चारूं शकतो. दुसऱ्यास मात्र थोडा धीर व थोडा क्रम लागतो. हा भेद आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या नजरेस आणावा, याच हेतूनें हा लहानसा लेख लिहीत आहें.

प्रसंग गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतील आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचें वाहनांच्या पाट्यांवर रेडियमचीं अक्षरें कापून लावण्याचें दुकान आहे. अक्षरें कापणारें त्यांचें यंत्र जुनें असून त्याचा प्रोग्राम केवळ विंडोज एक्सपीवरच चालतो. दुकानांतील संगणकाची हार्ड डिस्क कुरकुरूं लागून एके दिवशीं बंद पडली, म्हणून त्यांनीं ५०० गिगाबाइटची नवी डिस्क आणून बसविली. परंतु सीडी घालून एक्सपी टाकण्यास आरंभ करतांच निळ्या पडद्यावर उत्तर आलें कीं, या संगणकांत एकहि हार्ड डिस्क आढळत नाहीं. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानें तें वाचलें व निकाल दिला : “मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या.” नव्या संगणकावर तो जुना प्रोग्राम चालला नसता, म्हणजे कापण्याचें यंत्रहि नवें घ्यावें लागलें असतें. शाळेची फी, वह्यापुस्तकें व पावसाळ्याची बेगमी हीं सर्व एकदम समोर उभीं असतां त्या गृहस्थांची काय स्थिति झाली असेल, हें पालकांस निराळें सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा मजकडे आला व म्हणाला, “सर, त्यांनीं बायॉस उघडून पाहिलेंच नाहीं. आपण एकदां पाहूं या का ?” आम्ही दुकानांत गेलों. संगणक सुरू होतांच डिलीटची कळ दाबली. बायॉसच्या यादींत नव्या डिस्कचें नांव व माप स्वच्छ लिहिलेलें होतें ! म्हणजे मदरबोर्डास डिस्क दिसत होती. दिसत नव्हती ती एक्सपीस. एवढ्या एका निरीक्षणानें मदरबोर्डावरील आरोप टळला.

याचें कारण गूढ नाहीं. डिस्क व ऑपरेटिंग सिस्टिम यांचा संवाद मधल्या कंट्रोलरच्या द्वारें चालतो, आणि त्या कंट्रोलरशीं बोलण्याची रीत ड्रायव्हर नांवाच्या लहानशा प्रोग्रामास ठाऊक असावी लागते. साटा डिस्कसाठीं एएचसीआय नांवाची जी रीत आहे ती इंटेल कंपनीनें २००४ सालीं प्रसिद्ध केली. विंडोज एक्सपी २००१ सालची. आपल्या जन्मानंतर तीन वर्षांनीं निघालेली भाषा तिला कशी यावी ? अशा वेळीं उपाय दोन असतात. आरंभींच एफ-६ कळ दाबून फ्लॉपीवरून तो ड्रायव्हर पुरविणें, हा एक. किंवा बायॉसमध्यें एएचसीआयच्या जागीं आयडीई ही जुनी रीत निवडणें, हा दुसरा. त्या संगणकास फ्लॉपी नव्हती, म्हणून मुलानें दुसरा उपाय केला. प्रथम त्यानें बायॉसमधील जुनी नोंद वहींत उतरून घेतली, ही गोष्ट मला विशेष आवडली. सीडी पुन्हां लावली, तों डिस्क यादींत हजर ! सायंकाळपर्यंत यंत्र अक्षरें कापूं लागलें, व खर्च कांहींच आला नाहीं.

त्या कारागिरास मी लबाड म्हणणार नाहीं. “मला डिस्क आढळत नाहीं” हें एक्सपीचें विधान त्यानें “डिस्क चालूं शकत नाहीं” असें वाचलें, एवढाच त्याचा प्रमाद. परंतु असे प्रसंग पुढें पुष्कळ येणार आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ही टीपीएम २.० मागते, व तें पुष्कळ जुन्या संगणकांत नसतें. त्यामुळें धडधाकट जुन्या संगणकांवर लिनक्स किंवा दुसरी एखादी सिस्टिम टाकण्याचे प्रयत्न घरोघरीं होतील, आणि डिस्क न सांपडल्याचें उत्तर कित्येकांच्या वांट्यास येईल. म्हणून माझें मत असें कीं, पुढील तीन प्रश्न याच क्रमानें विचारल्यावांचून कोणीहि निकाल देऊं नये.

पहिला प्रश्न : बायॉसला डिस्क दिसते काय ? दिसत नसेल तर वीज बंद करून केबली काढून पुन्हां घट्ट बसवाव्या, दुसरी केबल व दुसरें तोंड वापरून पाहावें. जुन्या आयडीई डिस्कांवर ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ ठरविणारे जंपर असतात. एकाच केबलीवरील दोन्ही डिस्का मास्टर ठरल्या कीं घोंटाळा झालाच. घड्याळ वरचेवर मागें जात असेल तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असून बायॉसच्या नोंदी पुसल्या जात आहेत, असें समजावें.

दुसरा प्रश्न : बायॉसला दिसते, पण टाकावयाच्या सिस्टिमला दिसत नाहीं, असें आहे काय ? तर दोष भाषेचा, म्हणजे रीतीचा किंवा ड्रायव्हरचा आहे. मात्र ज्या संगणकांत विंडोज आधींच चालू आहे, तेथें ही रीत पूर्वतयारीवांचून बदलली तर पूर्वीचें विंडोज निळा पडदा दाखवून थांबण्याचा संभव असतो. म्हणूनच जुनी नोंद लिहून ठेवावयाची.

तिसरा प्रश्न : डिस्क दिसते, पण सिस्टिम तीवर बसण्यास नकार देते काय ? यूईएफआय पद्धतीनें सुरू झालेलें विंडोज जीपीटी मांडणीचीच डिस्क मागतें. जुन्या एमबीआर मांडणीची डिस्क तें नाकारतें. येथें “सर्व पुसून टाका” असा सल्ला पुष्कळ जण देतात, व खरा धोका येथेंच आहे. पुसल्यानें अडचण जाते, पण त्याबरोबर आजोबांचीं छायाचित्रें, वडिलांचे हिशेब व बहिणीचा प्रबंधहि जातो. प्रथम नक्कल करावी, मग पुसावें. ज्या डिस्कमधून टकटक आवाज येतो व जींत मोलाची माहिती आहे, तीवर तर प्रयोग करूंच नयेत. ती जाणत्याच्या हवालीं करावी.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षां नवें यंत्र घेणें बरें. कित्येकदां तें खरेंहि आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं संपला असल्यामुळें त्या दुकानांतील संगणक आम्हीं इंटरनेटास जोडूं दिला नाहीं. बँकेच्या व्यवहारास तो कदापि वापरूं नये. जुन्याचा मोह मीहि धरीत नाहीं. परंतु टाकून देण्याचा निर्णय तपासानंतर व्हावा, तपासाच्या ऐवजीं होऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर आलेलें वाक्य कोण बोलत आहे व त्यास कितपत दिसतें, हें आधीं विचारण्याची संवय लावून घ्या. आणि पालकांस विनंती ही कीं, मूल हातांत वही घेऊन “एकदां पाहूं का ?” असें म्हणेल, तेव्हां त्यास “राहूं दे, बिघडवशील” म्हणून परतवूं नका; त्याच्याजवळ बसा व त्यास पाहूं द्या. त्या दुकानांतील पहिलीं अक्षरें कापून निघालीं, तेव्हां वडिलांनीं मुलाकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती मीं पाहिली आहे.