पुडीतल्या गोळ्यांची नावे सांगा

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. भांडीकुंडी, पीठ, लेकरे आणि अंगदुखीच्या गोळ्या असा संसार सोबत असतो. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. एक दिवस बसले की मुकादम खाडा धरतो आणि दंड उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, चढवतो. म्हणून ताप असो की पाळी, बाई गोळी घेऊन फडात उतरते. बीडमध्ये गर्भाशये काढून घेण्यामागेही खाड्याची हीच धास्ती होती. 2019 च्या पाहणीत 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या प्रश्नावर नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली गेली, चर्चाही पुष्कळ झाली. रोजच्या गोळ्यांबद्दल मात्र कुणी फारसे विचारत नाही.

या गोळ्यांतले एक नेहमीचे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम; कमी वजनाच्या, अर्धपोटी किंवा दारू पिणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ती आणखी खाली आणतात. यकृतात या औषधाच्या थोड्या भागाचे विषारी द्रव्य बनते आणि ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते द्रव्य यकृताच्या पेशी मारू लागते. ज्याच्या पोटाला पुरेसे मिळत नाही, त्याचा साठा मुळातच तुटपुंजा.

मात्रा अनेकदा नकळत वाढते. ‘डोलो 650’ चार वेळा घेतली की 2,600 मिलिग्रॅम झाले. सर्दीच्या गोळीत 500 मिलिग्रॅम असेल आणि तीही चार वेळा घेतली तर आणखी 2,000. मर्यादा ओलांडली गेली, आणि घेणाऱ्याला वाटते की औषधे दोन वेगवेगळी आहेत. त्याने ओळखावे तरी कसे? दुकानदार पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतो. नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहते. गावातल्या दवाखान्यात तर सुट्या पांढऱ्या-पिवळ्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात.

मात्रा जास्त झाली की पहिल्या दिवशी मळमळते, कधी काहीच होत नाही, आणि माणूस कामाला लागतो. दोन-तीन दिवसांनी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, डोळे पिवळे होतात. मग काविळीचे झाडपाल्याचे औषध शोधले जाते आणि मोलाचा वेळ जातो. वास्तविक यावर उतारा आहे. एन-असिटिलसिस्टीन हे जुने औषध आठ तासांच्या आत मिळाले तर यकृत जवळजवळ नेहमी वाचते. उशिरा दिले तरी उपयोग होतो. गोळ्या चुकून जास्त गेल्या असोत की रागाच्या वा निराशेच्या भरात कुणी घेतल्या असोत, त्रासाची वाट न पाहता सरकारी रुग्णालय गाठायला हवे.

ब्रिटनने 1998 साली पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली आणि तिथले या औषधाने होणारे मृत्यू घटले. आपल्याकडे सुरुवात याहून सोपी आहे. पुडीवर औषधाचे नाव आणि मात्रा मराठीत लिहिणे डॉक्टरांना व दुकानदारांना बंधनकारक करा. उतारा फक्त मोठ्या रुग्णालयांपुरता न ठेवता तालुक्याच्या रुग्णालयात आणि कारखान्यांजवळच्या आरोग्य केंद्रांतही ठेवा. आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद करा. यंदाच्या टोळ्या निघण्याआधी जिल्हा प्रशासन आणि कारखान्यांनी एवढे ठरवावे.