विश्लेषण : वीज प्रकल्पाच्या धुरापेक्षा त्याचे पाणी खारफुटीला का नडते?

औष्णिक वीज प्रकल्प म्हटले की डोळ्यासमोर येते ती उंच चिमणी. खाडीकाठच्या खारफुटीचे मोठे नुकसान मात्र प्रकल्पाच्या पाइपांतून होते. चेन्नईच्या उत्तरेकडील एन्नोरची खाडी हे त्याचे ठळक उदाहरण.

एन्नोरमध्ये काय घडले?

उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्राची राख पाण्यात कालवून पाइपांतून राख बंधाऱ्याकडे नेली जाते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असल्याने ती थोडीथोडकी नसते. हे पाइप वर्षानुवर्षे गळत राहिले. राख तळाशी बसून खाडी उथळ झाली. कोळंबी-खेकड्यांवर पोट असलेल्या मच्छीमारांना त्याचा फटका बसला. २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तमिळनाडूच्या सरकारी वीज कंपनीला जबाबदार धरले. तोवर राख खाडीत जाऊन बसली होती.

झाड गुदमरते कसे?

खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलाबाहेर येतात आणि ओहोटीच्या वेळी बारीक छिद्रांतून हवा घेतात. राखेचा थर बसला की ही छिद्रे बुजतात. कुऱ्हाड न लावताही झाड हळूहळू खंगते.

दुसरा मुद्दा गरम पाण्याचा. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा कंडेन्सर थंड ठेवणारे पाणी घेऊन जाते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या प्रकल्पांमुळे ते जिथे सोडले जाते तिथले तापमान ७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढू नये, असा नियम आहे. उघड्या समुद्रात ही उष्णता लवकर विरते, अरुंद खाडीत रेंगाळते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच खारफुटीच्या आसऱ्याने वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांची त्याची गरज वाढते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

डहाणूचा ५०० मेगावॉटचा प्रकल्प खाडी परिसरातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये या तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर कडक बंदी घातली. पण तोड दिसते, तिचा पंचनामा होतो. मुळांवर चढलेला राखेचा थर किंवा चार अंशांनी तापलेली खाडी पंचनाम्यात कशी मांडणार?

तापमान मोजणारा सेन्सर ही काही महागडी चीज नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक प्रकल्पाने तो प्रकल्पाच्या आवारात नव्हे, तर पाणी खाडीत जिथे पडते तिथे बसवावा आणि त्याचे तासातासाचे आकडे मच्छीमारांना मोबाइलवर पाहता यावेत. राखेच्या पाइपांच्या तपासणीचे अहवालही त्याच पानावर हवेत. गळतीची खबर मच्छीमारांनीच दरवेळी का द्यायची?